हक्कासाठी लिहिलेली वंशावळ

फेसबुकवर आडनावांचे ग्रुप आहेत, गावांचे आहेत, मोडी वाचणाऱ्यांचेही आहेत. त्यांत पडणाऱ्या पोस्ट बहुतेक एकाच घाटाच्या असतात. मोबाइलने काढलेला तिरका फोटो, वाळवीने खाल्लेला कागद आणि खाली ‘जाणकारांनी कृपया वाचून सांगावे’. मग एखादा ओळीला ओळ लावून लिप्यंतर देतो, दुसरा ते गाव आता कोणत्या तालुक्यात गेलंय ते सांगतो आणि तिसरा ‘ही तर आमचीच भाऊबंदकी’ म्हणत आपल्या घरची वंशावळ पुढे करतो. कागद बाळगणारा, तो वाचणारा आणि गाव आठवणारा, अशी तीन माणसं एकत्र आल्याशिवाय आपल्याकडे कुळाचा शोध कधी लागलेलाच नाही. पूर्वी ती चावडीवर भेटायची.

ती चावडीवर जमायची ती वतनापायी, म्हणजे गावच्या वा परगण्याच्या कामाचा अधिकार आणि त्याचं उत्पन्न यांच्या हक्कापायी. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी ही वतनं वंशपरंपरेची होती आणि भावाभावांत, चुलत्या-पुतण्यांत त्यांच्यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालत. वाद चिघळला की गोत, म्हणजे गावकऱ्यांची आणि वतनदारांची न्यायसभा, बसायचं. दोन्ही बाजू आपापला करीना मांडायच्या, म्हणजे मूळपुरुष कोण, वतन कोणी मिळवलं, कोणाच्या पोटी कोण आलं याची हकिकत. मग साक्षी होऊन निवाड्याचा कागद, म्हणजे महजर, लिहिला जाई आणि त्याखाली पाटलाचा नांगर व बलुतेदारांच्या आपापल्या हत्यारांच्या निशाण्या उमटत. आज कोणाच्या हाती दहा पिढ्यांची सलग नावं लागली, तर ती बरेचदा अशाच एखाद्या भांडणाने राखलेली असतात. ज्या घरात वाद झाला नाही, त्या घराची नावं पुसली गेली. भाऊबंदकीला नावं ठेवताना हे उपकारही लक्षात असू द्यावेत.

अर्थात वतन मिळवायचं तर वंशावळ जुळवायलाही लोक कचरत नसत. बनावट महजर ही इतिहास संशोधकांची जुनी डोकेदुखी आहे. पण घरातल्या कागदांचं मोलही तेवढंच. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरातली शकावली, म्हणजे सनावार घटनांची टिपणं, लोकमान्य टिळकांनी उजेडात आणली आणि शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीच्या चर्चेला त्यामुळे नवं वळण मिळालं.

इंग्रज आले तेव्हा त्यांनीही पुरावाच मागितला. 1852च्या कायद्याने इनाम कमिशनला, म्हणजे सारामाफीच्या जमिनींचे हक्क तपासणाऱ्या मंडळाला, अधिकार मिळाले आणि इनामं कोणत्या आधारावर खाता ते दाखवा, असा तगादा सुरू झाला. पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे ज्याला आपण सवयीने पेशवे दफ्तर म्हणतो तिथे, पेशवाईच्या हिशेबी रुमालांबरोबर, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांबरोबर, या चौकश्यांचे कागदही आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या काळात तिथल्या निवडक कागदांचे 45 खंड काढले. तरी तो ढिगाऱ्यातला मूठभर भाग. महार वतनाची नोंदही सरकारी कागदांत आहे. ते वतन म्हणजे हक्क कमी आणि राबवून घेणं जास्त, डॉ. आंबेडकर 1928 पासून त्याविरुद्ध कायदेमंडळात झगडले आणि 1958च्या कायद्याने ते संपलं. पण ज्यांची वंशावळ दुसऱ्या कोणी लिहून ठेवली नसती, अशा घरांच्या वाडवडिलांची नावं आज याच कागदांतून सापडू शकतात.

वतन नसलेल्यांच्या नोंदी तीर्थक्षेत्री मिळतात. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया, हरिद्वार इथल्या उपाध्यायांच्या वह्या गावाने आणि आडनावाने लावलेल्या असतात. यात्रेकरूने आपलं, बापाचं, आजाचं नाव सांगायचं, कोणाचे अस्थिविसर्जन वा श्राद्ध केलं ते लिहायचं आणि सही करायची. पुढच्या पिढीतला माणूस आला की उपाध्याय तीच वही उघडून ‘तुमचे आजोबा येऊन गेलेत’ असं सांगून त्याला आपला यजमान म्हणून बांधून ठेवतो. व्यवसायाची ही युक्ती संशोधकांच्या चांगलीच पथ्यावर पडली. अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ संस्थेने हरिद्वार व इतर काही क्षेत्रांतल्या वह्यांचं सूक्ष्मचित्रण केलं, त्यामुळे त्यांतला काही भाग आज घरबसल्या पाहता येतो. पण वह्या खासगी मालकीच्या. वाटण्या झाल्या, उपाध्यायाच्या मुलाने नोकरी धरली, वही माळ्यावर गेली, की पुढचं सगळं ओळखीपाळखीवर. दक्षिण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगणारे भटके लोक, याच कामासाठी दारोदार फिरतात. बैलावर बसून यायचं, दारात कुळी म्हणायची, धान्य घ्यायचं आणि घरात नवं पोर जन्मलं असेल तर त्याचं नाव जोडून घ्यायचं.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्राह्मण घराण्यांनी, विशेषतः चित्तपावनांनी, कुलवृत्तांत, म्हणजे आपल्या कुळाच्या वंशावळीची आणि इतिहासाची पुस्तकं, छापायला घेतले. संपादक मंडळ नेमायचं, छापील तक्ते पोस्टाने गावोगाव पाठवायचे, उत्तर न देणाऱ्यांना पुन्हा कार्डं टाकायची आणि कोकणातलं मूळ गाव गाठून देवस्थानची कागदपत्रं चाळायची. खर्च वर्गणीचा. माझ्या मते आजच्या ग्रुपांचा खरा पूर्वज हाच. फरक इतकाच की कुलवृत्तांताला कोणीतरी एक कडक म्हातारा संपादक असे आणि पुरावा नसेल तर तो शाखा जोडून घेत नसे.

शेतकरी घरांची वंशावळ मात्र महसूल खात्याने लिहिली, आणि ती कोणाला वाचनीय वाटावी म्हणून मुळीच नव्हे. हक्कनोंदणीची पद्धत मुंबई इलाख्यात विसाव्या शतकाच्या आरंभी आली. तेव्हापासून खातेदार मेला की त्याच्या वारसांचा फेरफार, म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याची नोंद, होतो. फेरफार क्रमांकांची साखळी उलटी धरत गेलं, की सातबाऱ्यावरच्या आजच्या नावापासून खापरपणजोबापर्यंत पोचता येतं. भूमी अभिलेख खात्याने बऱ्याच जुन्या नोंदी स्कॅन करून ऑनलाइन ठेवल्या आहेत, त्यामुळे या कामासाठी तहसीलच्या रेकॉर्ड रूममधली धूळ दर वेळी खावी लागत नाही.

इथे बायकांचं काय, हा प्रश्न येतो. वतनाच्या वंशावळीत त्या जवळजवळ नाहीतच. माहेरी एक नाव, सासरी दुसरं, आणि कागदावर ‘अमक्याची बायको’. 1956च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुली बापाच्या मिळकतीत वारस झाल्या आणि वारस फेरफारात त्यांची नावं सासरच्या आडनावासह, गावासह उतरू लागली. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतही जन्मसिद्ध हक्क दिला. त्यानंतर बहिणींकडून हक्कसोड पत्र करून घेण्याची जी लाट आली, तिच्यातून घरोघरच्या आत्यांची पूर्ण नावं दुय्यम निबंधकाच्या दप्तरात जमा झाली. हक्क सोडल्याचा कागद तोच तिच्या असण्याचा पुरावा. आत्याकडची भावंडं शोधायची असतील, तर मी आधी तोच मागवायला सांगेन.

सामान्य माणसाला वंशावळ काढायला लावली ती जातीच्या दाखल्याने. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखांपूर्वीचा पुरावा पाहिला जातो. म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेचा निर्गम उतारा, गाव नमुना 14 मधली जन्म-मृत्यूची नोंद, आणि त्या माणसापासून अर्जदारापर्यंतची वंशावळ प्रतिज्ञापत्रावर. पडताळणी समितीच्या दारात उभं राहिलेल्या कितीतरी पोरांना पणजोबांचं नाव तेव्हा पहिल्यांदा कळलं.

या शोधाला पूर यावा तसं 2023 साल उजाडलं. मराठ्यांना कुणबी म्हणून ओबीसी आरक्षण मिळावं यासाठी अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटील यांचं उपोषण सुरू झालं आणि सरकारने कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. आधी मराठवाड्यापुरती, मग राज्यभर. शाळेची रजिस्टरं, जन्म-मृत्यूच्या वह्या, जुनी खासरा पत्रकं उपसली गेली आणि पन्नास लाखांहून अधिक नोंदी सापडल्याचं जाहीर झालं. जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर स्कॅन केलेली पानं चढली. मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. 1917 मध्ये मुंबई सरकारने मोडी मागे टाकून बाळबोध, म्हणजे देवनागरी, पुढे केली, त्यानंतर या लिपीला असे दिवस आले नव्हते. गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर आपल्या गावचं पान कोणतं, त्यात आपला पणजा कोणता, याची खोदाई सुरू झाली. आरक्षणाच्या वादात कोणाची बाजू बरोबर हा इथला विषय नाही. पण वंशशोधनाचं एवढं मोठं सामूहिक काम महाराष्ट्राने आधी पाहिलं असेल असं वाटत नाही.

ऑनलाइन जमावाच्या खोडीही आहेत. ऑर्कुटच्या दिवसांतही आडनावांच्या कम्युनिटी होत्या आणि तिथेही ‘आपण मूळचे राजस्थानचे’ हे वाक्य पुराव्याविना फिरायचं. आज तेच फॉरवर्ड होतं. आपल्याकडे नातवाला आजाचं नाव ठेवायची रीत, त्यामुळे राणोजी-तुकोजी-राणोजी अशी माळ लागते आणि ऑनलाइन वंशवृक्षात दोन राणोजींचा एक होऊन मधल्या दोन पिढ्या गळतात. एकाने चूक केली की बाकीचे तीच उतरवून घेतात. दत्तक गेलेला मुलगा एका झाडावर दोनदा दिसतो. निजामी मुलखातले कागद उर्दूत आणि फसली सनात, म्हणजे तिथल्या महसुली कालगणनेत. त्यात 590 मिळवले की इसवी सन येतं, एखाद्या वर्षाच्या फरकाने. हे माहीत नसलं की पणजोबा सहाशे वर्षं मागे जातात. आणि हयात माणसांच्या जन्मतारखा, आईचं माहेरचं आडनाव असलेलं सगळं झाड उघड्या ग्रुपवर टाकणारे महाभाग आहेतच, जणू बँका हेच प्रश्न विचारतात हे त्यांच्या गावीही नाही.

उलट्या दिशेचा शोध मॉरिशसहून येतो. 1834 पासून तिथे करारावर मजूर गेले. सगळे मिळून साडेचार लाखांच्या घरात, त्यांतले मुंबई बंदरातून गेलेले बरेच कोकणातले. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत त्यांच्या नोंदी आहेत: क्रमांक, जहाज, बापाचं नाव, गाव, आणि 1860च्या दशकापासून पुढच्या काहींचे फोटोही. आडनाव मात्र पुष्कळदा नाहीच. आलेल्या माणसाचं पहिलं नावच पुढे घराचं आडनाव झालं. गावाचं नाव कारकुनाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं. इथे रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या ग्रुपांतली माणसं खरोखर उपयोगी पडतात, कारण ते वेडंवाकडं इंग्रजी स्पेलिंग मोठ्याने वाचून ‘हे आमच्या शेजारचं गाव’ असं सांगणारा कोणीतरी तिथे असतो. फक्त एक ध्यानात ठेवायचं, सिंधुदुर्ग जिल्हा 1981 मध्ये वेगळा झाला. नोंदीत रत्नागिरी लिहिलं असलं तरी माणूस मालवण-देवगडकडचा असू शकतो, आणि सावंतवाडी तर तेव्हा स्वतंत्र संस्थान होतं, तिथले कागद वेगळ्याच दप्तरात शोधावे लागतात.