‘वाय’ अक्षराचा शोक आणि ‘चुकीची’ भाषा : आधुनिक पोर्तुगीज कवितेची पार्श्वभूमी

पोर्तुगालमध्ये १९१० साली राजेशाही संपली आणि पुढच्याच वर्षी नव्या प्रजासत्ताकाने भाषेचे लेखननियम बदलले. ग्रीक वळणाची जुनी अक्षररूपे गेली, ‘फ’ या उच्चारासाठी ‘पीएच’ऐवजी ‘एफ’ आले आणि ‘वाय’ हे अक्षर हद्दपार होऊन त्याच्या जागी साधा ‘आय’ बसला. बहुसंख्य जनता निरक्षर असलेल्या देशात हा बदल सोयीचा आणि समंजस होता. कवींना मात्र तो सहन झाला नाही. तैशैरा द पाश्कुआइश या कवीने ‘लाग्रिमा’ म्हणजे अश्रू या शब्दातल्या ‘वाय’चा आकारच अश्रूसारखा आहे, असा युक्तिवाद केला. ‘आबिझ्मु’, म्हणजे अथांग दरी, या शब्दाला खोली, काळोख आणि गूढता ‘वाय’मुळेच येते, तिथे ‘आय’ लिहिणे म्हणजे त्या दरीचे तोंड बुजवून तिचे सपाट मैदान करणे होय, असे त्याचे म्हणणे होते. शिवाय हे नियम ठरवताना ब्राझीलला कोणी विचारले नव्हते. परिणामी एकाच भाषेचे दोन देशांत दोन लेखननियम झाले, आणि हा घोळ निस्तरण्याचे प्रयत्न पुढचे शतकभर चालू राहिले.

ही हकीकत आरंभीच सांगण्याचे कारण असे की, विसाव्या शतकातल्या पोर्तुगीज भाषेतल्या कवींची चरित्रे एकमेकांशेजारी ठेवली तर शैलीचा प्रत्येक मोठा बदल कोणत्या तरी व्याकरणाच्या भांडणातून गेलेला दिसतो. भाषा नेमकी कोणाची, तिच्यात शुद्ध काय आणि अशुद्ध काय, हे प्रश्न या कवींनी निबंधांतून कमी आणि कवितेच्या ओळींतून अधिक सोडवले.

फर्नांदो पेसोआ (१८८८–१९३५) याचे उदाहरण सर्वांत विलक्षण आहे. लिस्बनमध्ये जन्मलेल्या या मुलाचे वडील तो पाच वर्षांचा असताना क्षयाने गेले. आईने दुसरे लग्न केले ते दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन येथे नेमणूक झालेल्या पोर्तुगीज वाणिज्यदूताशी, आणि १८९६ पासून त्याचे शिक्षण इंग्रजी शाळांत झाले. तिथे विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेतील इंग्रजी निबंधासाठी त्याला बक्षीसही मिळाले. १९०५ साली तो एकटाच लिस्बनला परतला, पदवीचे शिक्षण त्याने अर्धवट सोडले आणि पुढे आयुष्यभर व्यापारी पेढ्यांची परदेशी पत्रे इंग्रजी-फ्रेंचमध्ये लिहून देण्याच्या कामावर गुजराण केली. परक्या भाषेत वाढलेला हा माणूस स्वभाषेबद्दल इतका हळवा झाला, याचे आश्चर्य वाटायला नको. ‘पोर्तुगीज भाषा हीच माझी मातृभूमी’ हे त्याचे वाक्य आज समारंभांतून सर्रास उद्धृत होते. पण ते ज्या परिच्छेदात आहे तो समारंभात वाचण्यासारखा नाही. पोर्तुगाल कोणी जिंकून घेतला तरी मला व्यक्तिशः त्रास झाला नाही तर माझी हरकत नाही, असे तिथे तो म्हणतो. आपला खरा द्वेष आहे तो वाईट लिहिलेल्या पानाचा, चुकीच्या वाक्यरचनेचा आणि ‘वाय’ गाळलेल्या लेखनाचा. ते लेखन थुंकीसारखे किळसवाणे वाटते, मग थुंकणारा कोणीही असो. देशभक्तीचे म्हणून मिरवले जाणारे हे वाक्य मुळात शुद्धलेखनावरच्या रागातून आलेले आहे. विसंगती अशी की याच गृहस्थाने १९१६ साली स्वतःच्या आडनावातल्या ‘ओ’वरचे चिन्ह मात्र काढून टाकले होते.

पेसोआने एकाच नावाने लिहिले नाही. स्वतःची जन्मतारीख, व्यवसाय, शरीरयष्टी आणि मते असलेले स्वतंत्र कवी त्याने निर्माण केले, आणि टोपणनावांपासून त्यांना वेगळे ओळखता यावे म्हणून त्यांना ‘हेतेरोनिमु’, म्हणजे परनाम, अशी संज्ञा दिली. यांपैकी तिघे प्रमुख आहेत : फारसे शिक्षण नसलेला, खेड्यात राहणारा आल्बेर्तु काएरु, लॅटिन वळणाच्या आटोपशीर ओड, म्हणजे गंभीर धाटणीची काव्ये, लिहिणारा डॉक्टर रिकार्दु रैश, आणि ग्लासगोत शिकलेला, यंत्रांच्या गोंगाटाने भारावलेला आणि पुढे थकून गेलेला जहाज-अभियंता आल्वारु द कांपुश. १३ जानेवारी १९३५ रोजी कवी-समीक्षक आदोल्फु काझैश मोंतैरु याला लिहिलेल्या पत्रात पेसोआने या कवींची जन्मकथा सांगितली आहे : ८ मार्च १९१४ रोजी एका उंच कपाटापाशी उभे राहून त्याने काएरुच्या तीसहून अधिक कविता एका दमात लिहिल्या. हस्तलिखिते तपासणाऱ्या अभ्यासकांनी हा ‘एका दिवसाचा’ दावा खोडून काढला आहे, आणि त्यामुळे गोष्टीची गोडी काही कमी होत नाही. त्याच पत्रातला एक तपशील मला अधिक मोलाचा वाटतो. काएरु पोर्तुगीज वाईट लिहितो. कांपुश बरे लिहितो, पण ‘मी स्वतः’ म्हणताना व्याकरणाने योग्य ठरवलेला शब्द सोडून दुसराच वापरण्यासारख्या चुका करतो. रैश माझ्याहून चांगले लिहितो, पण त्याचा सोवळेपणा मला जास्तीचा वाटतो, असे पेसोआ तिथे नोंदवतो. म्हणजे तीन कवी निर्माण करताना त्याने त्यांना तीन स्वभाव दिले आणि त्याबरोबरच व्याकरणाशी वागण्याच्या तीन तऱ्हाही दिल्या. शुद्ध लिहिण्याचा हट्ट असलेल्या माणसाला अशुद्ध लिहायची मुभा हवी होती, आणि ती त्याने दुसऱ्याच्या नावावर घेतली.

हयातीत त्याचे पोर्तुगीजमधले एकच काव्यपुस्तक निघाले, १९३४ चे ‘मेन्साजें’. ३० नोव्हेंबर १९३५ रोजी तो वारला तेव्हा मागे एक पेटी उरली, आणि तिच्यात पंचवीस हजारांहून अधिक कागद होते. ‘लिव्रु दु देझासोसेगु’ हे त्याचे आज सर्वाधिक वाचले जाणारे गद्य पुस्तक त्या कागदांतून जुळवले जाऊन प्रथम १९८२ साली छापले गेले.

पेसोआ आणि त्याचा मित्र मारियु द सा-कार्नैरु यांनी १९१५ साली ‘ओर्फेउ’ हे नियतकालिक काढले. दोन अंक निघाले. वृत्तपत्रांनी या मंडळींना वेड्यांच्या इस्पितळात पाठवले पाहिजे अशी थट्टा केली. आणि छपाईचा खर्च भागवणाऱ्या सा-कार्नैरुच्या वडिलांनी हात आखडता घेतल्यावर तिसरा अंक अडला. २६ एप्रिल १९१६ रोजी पॅरिसमधल्या एका हॉटेलात सा-कार्नैरुने विष घेतले; तेव्हा तो पंचविशीत होता. ‘ओर्फेउ’च्या पहिल्या अंकावर संपादक म्हणून आणखी एक नाव होते, रोनाल्द दी कार्व्हाल्यो या ब्राझिलियन कवीचे. अटलांटिकच्या दोन्ही काठांना जोडणारा हा धागा सात वर्षांनी पुन्हा दिसतो.

फेब्रुवारी १९२२ मध्ये साओ पाउलोच्या नगर नाट्यगृहात ‘आधुनिक कला सप्ताह’ भरला. नाव सप्ताहाचे असले तरी कार्यक्रम तीनच संध्याकाळी झाले. त्यांपैकी दुसऱ्या संध्याकाळी याच कार्व्हाल्योने मानुएल बांदेराची ‘बेडूक’ ही कविता वाचली. घोटीव वृत्तांचा अभिमान बाळगणाऱ्या जुन्या कवींची तिच्यात बेडकांच्या डरांवडरांवीच्या रूपाने टिंगल आहे, आणि चिडलेल्या प्रेक्षकांनी कवितेतलेच ध्रुपद ओरडून तिचे वाचन उधळायचा प्रयत्न केला. बांदेरा स्वतः तिथे नव्हता. १९०४ पासून क्षयाने ग्रासलेल्या या माणसाने तारुण्य मृत्यूची वाट पाहण्यात घालवले आणि प्रत्यक्षात तो ब्याऐंशी वर्षे जगला. त्याच्या कवितेतला संथ, बोलका, स्वतःवर हसणारा सूर त्या प्रतीक्षेतून आला असावा, असे वाटते. बालपणीच्या रेसीफी शहरावरच्या कवितेत, जीवन आपल्यापर्यंत वर्तमानपत्रांतून किंवा पुस्तकांतून आले नाही, लोकांच्या तोंडून, लोकांच्या चुकीच्या भाषेतून, लोकांच्या बरोबर भाषेतून आले, असे तो म्हणतो. ‘चुकीची’ आणि ‘बरोबर’ हे दोन्ही शब्द त्याने एकाच भाषेला लावले आहेत.

ओस्वाल्द दी आंद्रादे या ब्राझिलियन कवीने १९२५ च्या संग्रहात हाच मुद्दा नऊ ओळींत मांडला. पोर्तुगीज व्याकरणानुसार वाक्याची सुरुवात ‘मला’ या सर्वनामाने करता येत नाही; क्रियापद आधी, सर्वनाम त्याला चिकटून नंतर. ब्राझीलमध्ये मात्र सगळे ‘मला दे’ याच क्रमाने बोलतात. ओस्वाल्दच्या कवितेत मास्तर, विद्यार्थी आणि शहाणपणा मिरवणारे लोक व्याकरणाप्रमाणे सिगारेट मागतात, आणि साधे काळे-गोरे ब्राझिलियन रोज म्हणतात : सोड रे, मला एक सिगारेट दे. मराठीत सांगताना या कवितेची गंमत उरत नाही, कारण आपल्याकडे तो क्रम निषिद्धच नाही.

कवी कार्लोस द्रुमोंद दी आंद्रादे (१९०२–१९८७) ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतातल्या इताबिरा या लोखंडाच्या खाणींच्या गावचा. जेझुइटांच्या शाळेतून त्याला १९१९ साली काढून टाकण्यात आले. निमित्त पोर्तुगीजच्या शिक्षकाशी झालेल्या वादाचे आणि कारण ‘मानसिक अवज्ञा’. पुढे औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेऊन त्याने त्या व्यवसायाकडे पाठ फिरवली आणि सरकारी नोकरी धरली. तरुणपणी त्याचा मारियो दी आंद्रादे या वडीलधाऱ्या कवीशी पत्रव्यवहार सुरू झाला. आडनाव एकच असले तरी ओस्वाल्द, मारियो आणि द्रुमोंद यांच्यात नाते नव्हते. ‘कवी स्टेशनावर येतो’ या ओळीत द्रुमोंदने आधी बोलीतले शब्दयोगी रूप वापरले होते आणि नंतर बिचकून ते पुस्तकी केले. आपल्या लेखी बिनमहत्त्वाच्या त्या चिमुकल्या पोर्तुगालात तसे म्हणतात एवढ्यावरून हा बदल करणे लाजिरवाणे आहे, अशा शब्दांत मारियोने त्याला झापले. १९३० च्या पहिल्या संग्रहात ती ओळ छापली गेली तेव्हा तिच्यात बोलीतले रूप परत आले होते. संग्रहाच्या पाचशे प्रती निघाल्या.

त्याआधी, १९२८ साली, द्रुमोंदची ‘रस्त्याच्या मधोमध’ ही दहा ओळींची कविता एका नियतकालिकात आली होती. रस्त्याच्या मधोमध एक दगड होता, हे विधान ती उलटसुलट करून पुन्हा पुन्हा म्हणते, आणि मधे फक्त एवढेच सांगते की थकलेल्या डोळ्यांच्या आयुष्यातली ही घटना मी विसरणार नाही. तिच्यावर अनेक वर्षे टीका आणि विडंबने झाली. तक्रार केवळ पुनरावृत्तीची नव्हती. ‘होता’ यासाठी व्याकरणाला ‘आव्हिया’ हवे होते; द्रुमोंदने ब्राझीलच्या बोलण्यातले ‘तिन्या’ वापरले, ज्याचा मूळ अर्थ ‘जवळ बाळगणे’ असा आहे. मराठीत ‘माझ्याकडे घर आहे’ आणि ‘गावात घर आहे’ ही दोन्ही कामे एकच क्रियापद करते, म्हणून ही ठेच आपल्याला लागत नाही. पोर्तुगीज वाचकाला मात्र ती पहिल्याच ओळीत लागते. द्रुमोंदने कवितेवरची सगळी शेरेबाजी कात्रणे जपावीत तशी जपली आणि १९६७ साली तिचे पुस्तकच काढले. कचेरीत काम केलेल्या माणसाचा हा सूड मोठा शिस्तशीर आहे. शिक्षणमंत्र्यांच्या कार्यालयात त्याने १९३४ पासून अकरा वर्षे प्रमुख म्हणून काम केले होते.

ब्राझिलियन कवयित्री सेसिलिया मेइरेलिस (१९०१–१९६४) या सगळ्या गदारोळापासून दूर राहिली. तिची कविता जुन्या गेय परंपरेतली, अनित्यतेचे भान असलेली. ती १९३४ साली लिस्बनला गेली तेव्हा पेसोआशी ठरलेली भेट झाली नाही. तो आलाच नाही आणि तिच्या हॉटेलात स्वाक्षरी केलेले ‘मेन्साजें’ मात्र ठेवून गेला, असे सांगतात. तिने टागोरांचे अनुवाद केले, गांधींच्या हत्येवर शोककविता लिहिली आणि १९५३ साली ती भारतात येऊन गेली. त्या प्रवासातल्या कवितांचे स्वतंत्र पुस्तक आहे.

पोर्तुगालमध्ये याच काळात सालाझारची हुकूमशाही होती, आणि तिथे भाषेचा प्रश्न व्याकरणापुरता उरला नाही. सोफिया द मेलो ब्रैनर आंद्रेसेन (१९१९–२००४) हिने वाचता येण्याआधीच एक जुनी कथागीते-परंपरेतली कविता ऐकून पाठ केली होती, आणि कविता कोणी लिहीत नसते, ती आपोआप असते, असे तिला लहानपणी वाटे. तिच्या प्रौढ कवितेतली समुद्र, भिंत, प्रकाश अशी स्वच्छ नामे त्या समजुतीशी सुसंगत आहेत. ही हुकूमशाही राजवट उलथवणाऱ्या २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीवर तिने चार ओळी लिहिल्या आणि त्यांत त्या दिवसाला ‘मी वाट पाहत होते ती पहाट’ म्हटले. नंतरच्या धामधुमीत तिने पुढाऱ्यांवर संतापून ‘शब्दांची भांडवलशाही’ चालवल्याचा आरोप केला. ती स्वतः १९७५ च्या घटनासभेत निवडून आलेली होती, हे लक्षात घेतले तर त्या संतापाचे वजन वाढते.

आफ्रिकेत पोर्तुगीज ही मालकाची भाषा होती. लिस्बनमध्ये वसाहतींतल्या विद्यार्थ्यांसाठी सरकारने १९४४ साली काढून दिलेल्या वसतिगृहवजा संस्थेतूनच वसाहतविरोधी कवी आणि नेते तयार झाले, आणि १९६५ साली गुप्त पोलिसांनी ती बंद केली. अंगोलाचा आगोस्तिन्यु नेतु याच पिढीतला. डॉक्टर, तुरुंगात कविता लिहिणारा, आणि १९७५ पासून स्वतंत्र देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष. भाषेच्या दृष्टीने मात्र मोझांबिकचा जुझे क्राव्हैरिन्या (१९२२–२००३) जास्त लक्षात राहतो. वडील पोर्तुगालच्या आल्गार्वेचे, आई रोंगा भाषा बोलणाऱ्या स्थानिक रोंगा समाजातली. त्याच्या पोर्तुगीज ओळींत रोंगा शब्द येतात आणि त्यांचा अर्थ तो वाचकावर सोपवतो. १९७४ च्या संग्रहाचे नाव ‘कारिंगाना वा कारिंगाना’ आहे, म्हणजे रोंगामध्ये गोष्ट सांगायला बसताना म्हणतात ते शब्द. १९६५ ते १९६९ तो तुरुंगात होता. १९९१ साली पोर्तुगीज भाषेतला सर्वोच्च समजला जाणारा कामोंइश पुरस्कार मिळालेला तो पहिला आफ्रिकी लेखक ठरला.

गोव्यातली धारा लहान होती, पण होती. मडगावचा कवी आदेओदातु बार्रेतु पोर्तुगालमधल्या कुइंब्रा येथे शिकत असताना १९२८ साली ‘इंदिया नोव्हा’ हे पत्र काढणाऱ्यांत होता. १९३७ साली, ऐन तिशीच्या आरंभी, तो वारला आणि कविता नंतर पुस्तकरूपात आल्या. मराठी वाचकाला अधिक जवळचे उदाहरण लक्ष्मणराव सरदेसाई यांचे. मराठी कथाकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या लेखकाने पोर्तुगीज सत्ता गेल्यानंतर, १९६० च्या दशकात, पोर्तुगीजमधून कविता लिहिल्या. सत्ता असताना ज्या भाषेत लिहिणे पत्करले नसते, तिच्यात ती निःशस्त्र झाल्यावर लिहावेसे वाटणे, याला मी तरी केवळ योगायोग म्हणणार नाही.

सर्व पोर्तुगीज भाषक देशांसाठी एकच लेखन ठरवणारा करार १९९० साली झाला आणि ब्राझीलमध्ये तो २००९ पासून लागू झाला. त्याने ‘के’, ‘डब्ल्यू’ आणि ‘वाय’ ही अक्षरे वर्णमालेत परत घेतली. अश्रू आणि दरी या शब्दांत मात्र ‘वाय’ परतला नाही. कवी व अनुवादक व्हास्कु ग्रासा मोरा २०१२ साली लिस्बनच्या बेलें सांस्कृतिक केंद्राचा अध्यक्ष झाला, तेव्हा केंद्रातल्या सगळ्या संगणकांवरून नव्या लेखनाप्रमाणे मजकूर सुधारणारी प्रणाली काढून टाकण्याचा आदेश त्याने पहिल्याच काही दिवसांत दिला.