घरी हँडहेल्ड बनवायचाय? आधी हे दोन प्रकार वेगळे ओळखा

मागच्या रविवारी भाचा दोन हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायचे व्हिडिओ गेम, घेऊन आला. दोन्ही घरी बनवलेले, दोन्ही काळ्या थ्रीडी प्रिंट केलेल्या डब्यात, चार इंचाच्या आसपासची स्क्रीन, डावीकडे बाणांची बटणं, उजवीकडे ए आणि बी. म्हणे, "मामा, यातला ओरिजनल कोणता नं?" मी म्हटलं दोन्ही बंद कर अन् एकेक करून चालू कर. पहिल्याचा स्विच सरकवला आणि बोट उचलायच्या आत गेमची यादी समोर. दुसऱ्यावर आधी काळा पडदा, त्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर वर सरकल्या, मग लोगो, मग मेनू, पंधरा-वीस सेकंद तर आरामात गेले. उत्तर तिथेच मिळालं.

पहिल्या डब्यात खऱ्या कन्सोलचा बोर्ड आहे. टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम उघडून, त्याचा बोर्ड काढून, गरज पडली तर कापून लहान करून, स्क्रीन आणि बॅटरी जोडून हातात मावेल असा केलेला. याला करणारे लोक पोर्टेबल म्हणतात आणि काम करण्याला पोर्टेबलायझिंग. दुसऱ्या डब्यात रास्पबेरी पाय झीरो २ (पुढे नुसतं 'पाय') आहे, म्हणजे ५१२ एमबी रॅमचा एक छोटा कॉम्प्युटर, त्यावर लिनक्स, लिनक्सवर इम्युलेटर, आणि इम्युलेटर जुन्या मशीनचं सोंग घेतो. जुन्या प्रोसेसरची एकेक आज्ञा वाचायची आणि तिचा अर्थ नव्या प्रोसेसरला समजेल असा करून द्यायचा, एवढंच काम तो सेकंदाला लाखो वेळा करत असतो. व्हिडिओंमध्ये दोन्हींना सर्रास "घरी बनवलेला कन्सोल" म्हणतात आणि मग नवीन पोरं पायच्या बजेटमध्ये पीएसटू (प्लेस्टेशन २) कापायला निघतात, किंवा उलटं, ओरिजनलचे पैसे मोजून पायवाला डबा घेऊन येतात. दोन्ही वेळी जीव हळहळतो.

पोर्टेबलचा छंद तसा जुना आहे. अमेरिकेत बेन हेकेनडॉर्न नावाच्या माणसाने २००० च्या सुमारास १९७७ सालचा अटारी २६०० कापून हातात घ्यायचा केला आणि तिथून हे वेड पसरलं. रास्पबेरी पाय आला २०१२ मध्ये, त्यामुळे दुसरा प्रकार सोपा झाला तो त्यानंतरच.

आता आपल्याकडची गोष्ट जरा वेगळी आहे, ती नीट समजून घ्या कारण नागपुरात तुम्हाला कापायला जो बोर्ड मिळणार तो बहुतेक हाच असणार. आपल्या लहानपणीचा "व्हिडिओ गेम", ज्याच्या कॅसेटवर ९९९९९९ इन १ लिहिलेलं असायचं आणि लागली नाही की फुंकर मारायची, तो निंटेंडोचा नव्हताच. तो निंटेंडोच्या, १९८३ साली जपानमध्ये आलेल्या फॅमिकॉम कन्सोलचा क्लोन, म्हणजे दुसऱ्यांनी केलेली नक्कल. उघडून बघा, बोर्डावर काळ्या डांबरासारखा एक गोल ठिपका दिसेल, त्याच्याखाली अख्खा कन्सोल एका चिपमध्ये बसवलेला असतो. कापायला याच्याइतकं सोपं काही नाही. ५ व्होल्ट द्या, एव्हीची पिवळी, म्हणजे चित्राची, वायर स्क्रीनला जोडा, झालं. स्क्रीन कार डेकोरवाल्याकडे मिळते, रिव्हर्स कॅमेऱ्यासाठी लावतात ती, तिला तीच पिवळी वायर चालते. लिहिलेलं १२ व्होल्ट असतं, पण कित्येक स्क्रीन आत थोडा खटाटोप केला की ५ वर चालतात, फक्त मीटर लावल्याशिवाय करू नका.

या बोर्डावर एक काळा तीन पायांचा रेग्युलेटर सापडेल, ७८०५. अॅडाप्टरच्या ९ व्होल्टमधले वरचे ४ व्होल्ट तो नुसते तापून घालवतो. टीव्हीसमोर हे चालून जायचं, बॅटरीवर ही सरळ उधळपट्टी आहे. तो काढायचा, आणि लिथियम सेलच्या ३.७ व्होल्टचे ५ करणारा बूस्ट कन्व्हर्टर लावून त्याची वायर ७८०५ च्या आउटपुटच्या जागी टाकायची. नागपुरात बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) मोदी नंबरच्या गल्ल्यांमध्ये असे मॉड्यूल विचारले की काढून देतात.

आणि आता ज्या मुद्द्यासाठी खरं मी लिहायला बसलो तो. लोक म्हणतात खऱ्या हार्डवेअरवर "ओरिजनल फील" येतो. कोणता ओरिजनल? जपानी फॅमिकॉम सेकंदाला ६० चित्रं काढायचा. आपले टीव्ही पाल, म्हणजे सेकंदाला ५० चित्रांच्या पद्धतीचे, त्यामुळे बरेचसे क्लोन ५० चित्रंवाले यायचे. गेमचं संगीत बहुतेक वेळा चित्राच्या तालावरच पुढे सरकतं, म्हणजे जपानी पोराने ६० सेकंदात ऐकलेली धून आपण ७२ सेकंद ऐकली, गेमही तेवढाच सावकाश. अजून एक, फॅमिकॉममध्ये आवाजाच्या ज्या चौकोनी लहरी असतात त्यांची रुंदी बदलून वेगवेगळ्या धाटणीचे आवाज काढतात, १२.५ टक्के, २५ टक्के, ५० टक्के अशा. बऱ्याच क्लोनच्या चिपमध्ये २५ आणि ५० ची अदलाबदल झालेली होती. जिथे बारीक नाकातला आवाज यायला हवा तिथे भरीव पोकळ आवाज, आणि उलटं. आपले कान त्या चुकीच्याच आवाजावर वाढलेत! म्हणून पायवर इम्युलेटर लावला, सगळं अगदी बरोबर चाललंय, तरी काहीतरी परकं वाटतं, माझ्या बहिणीने पाच सेकंदात सांगितलं "हे तसं नाही वाजत". तिचं बरोबर होतं. एफसीईयूएमएम नावाच्या इम्युलेटरमध्ये जाऊन रिजन डेंडी केलं (डेंडी म्हणजे रशियात विकला जायचा तो क्लोन) आणि स्वॅप ड्युटी सायकल्स हा पर्याय चालू केला, तेव्हा ती स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "हां, आता."

म्हणजे क्लोनचा बोर्ड तुम्हाला आपलं बालपण जसंच्या तसं देतो, आणि इम्युलेटर जपानी पोराचं बालपण देतो, सांगितलं तर आपलंही देतो. कोण खरं कोण खोटं हा वाद मला पटत नाही.

हात मात्र दोन्हीचे वेगळे लागतात. बोटाने बटण दाबल्यापासून पडद्यावर उडी दिसेपर्यंत जो वेळ जातो, तो पायवर थोडा जास्त असतो, कारण इम्युलेटर पूर्ण चित्र मेमरीत तयार करतो आणि मगच पडद्याकडे पाठवतो, खरी चिप ओळीमागून ओळ थेट सोडत जाते. रनअहेड सारखी (पुढची चित्रं आधीच काढून ठेवणारी) सोय वापरून हे कमी करता येतं, पण छोट्या पायला त्याचा भार होतो. उलट इम्युलेटरमध्ये वाटेल तिथे गेम सेव्ह करा, क्लोनमध्ये आईने स्विच बंद केला की संपलं. पण तोच स्विच पायवाल्या डब्यात असा खाडकन बंद करू नका, शटडाउन न देता बंद केल्याने मेमरी कार्डावरची फाइल खराब होऊ शकते, आणि मग नवीन कार्ड बनवत बसा. क्लोनचा बोर्ड केव्हाही बंद करा, त्याला काही होत नाही.

मोठे कन्सोल कापणं हे वेगळंच काम आहे. निंटेंडोच्या २००६ च्या वी कन्सोलचा बोर्ड लोक कापून तळहातापेक्षा लहान करतात. बोर्ड म्हणजे एकावर एक तांब्याचे थर, कापताना धारेवर वरचा थर खालच्याला चिकटला की शॉर्ट. म्हणून कापल्यावर बारीक पॉलिशपेपरने धार घासायची, भिंगातून थर वेगवेगळे दिसेपर्यंत घासायची, आणि मास्क लावून, कारण ती धूळ काचेच्या तंतूंची असते. मग कापून फेकलेल्या भागात जो पॉवर सप्लाय गेला त्याच्या बदल्यात स्वतः १, १.१५, १.८ आणि ३.३ असे चार व्होल्टेज करून द्यायचे. पायला फक्त ५ व्होल्ट लागतात. या एका ओळीत दोन्हींचा फरक आहे असं मी मानतो, एकीकडे सगळी मेहनत वीज आणि सोल्डरिंगची, दुसरीकडे सगळी मेहनत सेटिंग्ज आणि फाइल्सची. सोल्डरिंग दोन्हीकडे आहे, पण पायवर चूक झाली तर पाय बाजारात परत मिळतो, वीसारख्या जुन्या कन्सोलचा बोर्ड सहज नाही मिळत.

बॅटरीच्या बाबतीत दोन्ही सारखेच, आणि इथे मी हात जोडून सांगतो. गोल १८६५० सेल घेताना आकडा बघा. चांगल्या कंपनीचा सेल ३५०० एमएएचच्या आसपास असतो. मला एका दुकानातून ९८०० लिहिलेले मिळाले होते, मोजले तर हजारही भरले नाहीत. ३५०० चा एक सेल म्हणजे साधारण १३ वॅट-तास, डबा सगळा मिळून ४ वॅट खात असेल तर साधारण तीन तासांतच खेळ आटोपतो. टीपी४०५६ हे चार्जिंगचं स्वस्त मॉड्यूल लावून चार्ज होता होता खेळू नका, खेळ चालू असताना सेल भरला की नाही ते त्याला कळत नाही, त्यासाठी पॉवर पाथवालं, म्हणजे खेळाची आणि चार्जिंगची वीज वेगळी ठेवणारं, मॉड्यूल घ्या. आणि नागपूरकरांसाठी खास, या सेलना चार्ज करण्याची मर्यादा साधारण ४५ अंशांपर्यंत लिहिलेली असते. नवतपात आपल्याकडे बाहेरच पारा तिथे पोचतो, बंद डब्यात तर विचारू नका. मे महिन्यात सकाळी सहा-सातला चार्ज करा, गच्चीवरच्या खोलीत तर दुपारी अजिबात नको, अन् कूलरच्या समोर ठेवून गार करू म्हणाल तर त्याचे पाण्याचे तुषार बोर्डावर बसतात.

मग करायचं काय? नुसतं खेळायचं असेल तर पाय घ्या, प्लेस्टेशन वनपर्यंतचं बहुतेक सगळं त्या छोट्या बोर्डावर चालतं. मशीन आतून समजून घ्यायचं असेल तर क्लोनपासून सुरू करा, बिघडला तरी फार मोठं नुकसान नाही. पीएसटू पाय झीरोवर चालणार नाही, त्याला बराच तगडा प्रोसेसर लागतो, म्हणून तिथे खरा बोर्ड कापण्यात अर्थ आहे.

भाच्याच्या मित्राकडे लेन्स गेलेला स्लिम पीएसटू पडलाय, तो कापायचा म्हणून दोघं जाम उतावीळ आहेत. त्यांना थांबवलंय. आधी फ्रीमॅकबूट (पीएसटूवर बाहेरचे प्रोग्रॅम चालू करून देणारं सॉफ्टवेअर) टाकलेलं मेमरी कार्ड आणा, दुसऱ्या स्लॉटमध्ये एसडी कार्डाचं अॅडाप्टर लावा, ओपीएलमधून, म्हणजे डिस्कशिवाय गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅममधून, गेम उघडतो का बघा, मॉडेल नंबर ९०००० चा असेल तर आधी तपासा, त्यातल्या शेवटच्या शेवटच्या मशीनवर फ्रीमॅकबूट चालत नाही. लेन्सशिवाय गेम चालला तर मशीन जिवंत आहे, ते टीव्हीलाच राहू द्या. कापायला बोर्ड हवा असेल तर ज्याचं पोर्ट तुटलंय, डबा फुटलाय, असा भंगारातला शोधू.