लाक्सातलं तेल: आधी सोडवायचं, मग सांभाळायचं

आग्नेय आशियातल्या मलाक्का, पेनांग, सिंगापूर या बंदरांत चिनी व्यापारी स्थायिक झाले, तिथल्या बायकांशी त्यांनी संसार थाटले. त्यांचे वंशज म्हणजे पेरानाकान. त्यांचं लाक्सा लमाक हे नारळाच्या दुधातलं, तांदळाच्या शेवयांचं तिखट सूप. सिंगापूरच्या काटोंग भागात शेवया इतक्या आखूड कापतात की नुसत्या चमच्याने खाता येतात.

या सूपची सगळी मदार तेलावर आहे आणि एकाच पातेल्यात त्याला दोन उलट प्रकारे वागवावं लागतं.

सुरुवात वाटणाची. सुक्या लाल मिरच्या, छोटे कांदे, गवती चहा, हळद, सोडे आणि बलाचान, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा. वाटण ओलं असतं. त्यात पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या फारसं वर जात नाही. वाटण नुसतं शिजतं, खमंग होत नाही. पाणी उडालं की फसफस मंदावते, रंग गडद होतो आणि कडेने लालभडक तेल सुटतं. मिरचीला तिखट करणारं कॅप्सेसिन, तिचा लाल रंग, हळदीला पिवळी करणारं कर्क्युमिन हे सगळं पाण्यात जेमतेम विरघळतं, तेलात मात्र छान उतरतं. इथे घाई केली की कच्चा वास शेवटपर्यंत जात नाही. ही पायरी कंटाळवाणी खरी, पण हिला पर्याय नाही.

मग नारळाचं दूध घालायचं आणि आता तेल सुटू द्यायचं नाही! या दुधात तेलाचे बारीक थेंब पाण्यात तरंगत असतात आणि प्रथिनांचं पातळ आवरण त्यांना एकमेकांत मिसळू देत नाही. साधारण ८० अंशांपुढे ही प्रथिनं बिघडू लागतात. खळखळून उकळलं की थेंब एकत्र येतात, दूध फुटतं. कोकणात आमटीत नारळाचं दूध शेवटी घालून आच मंद ठेवतात, तेही याचसाठी.

वरून दाऊन कसुम या सुगंधी वनस्पतीची पानं बारीक चिरून घालतात. त्यांच्या वासातलं डेकॅनल हे द्रव्य कोथिंबिरीतही असतं. ते उडून जातं, म्हणून पानं अगदी शेवटी.

तिखटपणाची गंमत वेगळीच. कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या ग्राहीला (संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला) चेतवतं, तोच साधारण ४३ अंशांपुढच्या उष्णतेनेही चेततो. हा ग्राही डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली ओळखला. २०२१ चं नोबेल त्यांना मिळालं. वाफाळत्या लाक्सात मिरची आणि आच एकाच ठिकाणी बोट ठेवतात. तेच लाक्सा जरा निवलं की कमी तिखट लागतं.