वर्गखोल्यांची टंचाई (मराठवाडा)

पटावरच्या मुलांना इयत्तावार बसवता येईल इतक्या सुरक्षित खोल्या शाळेत नसणे, म्हणजे वर्गखोल्यांची टंचाई. मराठवाड्यात हा प्रश्न मुख्यतः जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांचा आहे. तडे गेलेली खोली कागदावर मोजली जाते, पण तिच्यात मुले बसवता येत नाहीत. म्हणून टंचाई ठरवायची ती वापरातल्या खोल्यांवरून. एकूण खोल्यांचा आकडा फसवा असतो.

हा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या काळातल्या दगडी भिंतींच्या आणि लाकडी तुळयांच्या इमारतींना आजही ‘निजामकालीन शाळा’ म्हणतात. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळांचा कारभार त्यांच्याकडे गेला. पुढे १९८७च्या खडू-फळा मोहिमेने प्रत्येक प्राथमिक शाळेला सर्व ऋतूंत वापरता येतील अशा किमान दोन खोल्या देण्याचे ठरवले. अनेक वस्त्यांवर ‘दोन खोल्यांची शाळा’ हेच शाळेचे रूप होऊन बसले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास, शाळा रिकाम्या असताना, किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला. जड दगडी भिंती आणि माळवदे (मातीची सपाट छपरे) काय करू शकतात, हे त्या पहाटे साऱ्यांनी पाहिले. त्यानंतर जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम (१९९४) आणि सर्व शिक्षा अभियान (२००१) यांतून बऱ्याच नव्या खोल्या झाल्या.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यानुसार दर शिक्षकामागे किमान एक वर्गखोली आणि शिवाय कार्यालय, भांडार व मुख्याध्यापक यांच्यासाठी एक खोली हवी. येथे खोली शिक्षकामागे मोजली आहे, इयत्तेमागे नाही. पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुले असतील तर कायद्याप्रमाणे दोन शिक्षक हवेत, ६१ ते ९० मुलांना तीन. म्हणजे साठ मुलांच्या शाळेत निकष पूर्ण होतो आणि तरीही पाच इयत्ता दोन खोल्यांत बसतात.

वाढत्या गावात खरी अडचण क्रमाची आहे. आधी मुले येतात, मग पट मोजला जातो, मग संचमान्यतेत, म्हणजे पटानुसार शिक्षकांची पदे मंजूर करण्याच्या प्रक्रियेत, शिक्षक ठरतात, आणि त्यानंतर खोलीचा प्रस्ताव निघतो. प्रस्ताव, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, निधी, निविदा, बांधकाम असे करत खोली उभी राहीपर्यंत पहिलीत आलेले मूल शाळा सोडायच्या बेतात असते. वर्गच नसल्याने त्या मुलाचे जे राहून गेले, ते नंतर बांधलेल्या खोलीने भरून येत नाही. संचमान्यतेसाठी साधारणपणे ३० सप्टेंबरचा पट धरतात. बीडसारख्या जिल्ह्यात ऊसतोड कुटुंबे त्या तारखेला गावातच असतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघाल्या की तेच वर्ग ओस पडतात. हंगामी वसतिगृहामुळे काही मुले मागे राहतात, काही राहत नाहीत. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीच्या पट्ट्यात, रांजणगाव शेणपुंजी, वडगाव कोल्हाटी अशा गावांत, उलटे घडते. तेथे कामगार कुटुंबे वर्षभर येत-जात राहतात आणि एका दिवसाच्या मोजणीत न सापडणारी मुले शाळेच्या दारात उभी असतात. त्यामुळे एकाच विभागात कुठे रिकामी खोली असते, तर कुठे व्हरांड्यात भरलेला वर्ग. विभागाच्या सरासरीत यांतले काहीच दिसत नाही.

अशा पट्ट्यात जागाही मिळत नाही. गुंठेवारीने, म्हणजे जमिनीचे गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे विकून, पाडलेल्या वस्त्यांत शाळेसाठी मोकळा तुकडा क्वचितच उरतो, गायरानावर घरे झालेली असतात. जुन्या गावांत कुणी वाडवडिलांनी तोंडी दिलेली जमीन सातबाऱ्यावर जिल्हा परिषदेच्या नावे नसते, आणि तेवढ्यावर नवे बांधकाम अडते. वर मजला चढवावा तर पाया तो भार धरून घातलेला नसतो. काळ्या मातीत हे विशेष जपावे लागते. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत नेला नसेल तर भिंत थोड्याच वर्षांत तडकते.

मोडकळीस आलेली खोली पाडण्याआधी तिचे निर्लेखन करावे लागते, म्हणजे ती मालमत्तेच्या नोंदीतून कमी करावी लागते. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, अभियंत्याची पाहणी आणि जिल्हा परिषदेची मंजुरी असा तो प्रवास आहे. मात्र पाडण्याची परवानगी आणि नव्या खोलीचा निधी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मिळून दुसरी रखडली की मुले समाजमंदिरात, देवळाच्या ओसरीवर किंवा पत्र्याच्या शेडखाली बसतात. मार्च-एप्रिलमध्ये मराठवाड्यातला पत्रा दुपारी सहन होत नाही, आणि पावसात पत्र्याच्या आवाजाखाली शिकवलेले ऐकू येत नाही.

रोजच्या व्यवहारात शिक्षक जोडवर्ग घेतात. दोन इयत्ता पाठीला पाठ लावून बसतात. एका भिंतीकडे बाराखडी, दुसरीकडे भागाकार. एकीचे पाठांतर चालू असताना दुसरीला लेखन देणे ही त्या शिक्षकांची कसोटी आणि कौशल्यही आहे. पट फारच वाढला तर शाळा सकाळ-दुपार अशी दोन सत्रांत भरते. त्यात अध्यापनाचा वेळ आक्रसतो, आणि कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान ८०० तास सांगितले आहेत. अनेक ठिकाणी पोषण आहाराच्या तांदळाची पोती आणि अंगणवाडी यांनाही त्याच खोल्यांत जागा करून द्यावी लागते.