विद्युत् रोध व शक्ती : दाब आणि प्रवाह यांवरून गणन

विद्युत् मंडलातील एखाद्या घटकाच्या दोन टोकांमधील दाब (व्होल्ट) व त्यातून वाहणारा प्रवाह (अँपिअर) मोजले, की दाबाला प्रवाहाने भागून त्याचा रोध (ओहम) मिळतो आणि दोहोंच्या गुणाकाराने त्यात खर्च होणारी शक्ती (वॉट) मिळते. २३० व्होल्टांवर ४ अँपिअर घेणाऱ्या शेगडीचा रोध ५७.५ ओहम व शक्ती ९२० वॉट. शालेय पुस्तकांत दाबाला विभवांतर व प्रवाहाला विद्युतधारा म्हणतात. नागपूरच्या वायरमनच्या बोलण्यात व्होल्टेज, करंट व लोड हेच शब्द येतात.

भागाकार कोणत्याही घटकासाठी करता येतो. ती रोधाची व्याख्या होय. तापमान स्थिर ठेवल्यास धातूच्या तारेसाठी हा भागाकार दाब बदलला तरी तोच येतो, हे मात्र प्रयोगाने सिद्ध झालेले विधान असून त्यालाच ओहम नियम म्हणतात. पुष्कळ पुस्तकांत या दोन गोष्टींची गल्लत झालेली आढळते. तंतूच्या ६० वॉटच्या दिव्याचा रोध पेटलेला असताना सु. ८८० ओहम, तर थंड असताना त्याच्या दशांशाहून कमी असतो. व्याख्या दोन्ही वेळा लागू पडते; रोधाचे स्थिर राहणे तेवढे येथे आढळत नाही.

नियमाच्या श्रेयाविषयी मतभेद आहेत. हेन्‍री कॅव्हेंडिश यांनी १७८१ च्या सुमारास मिठाच्या द्रावणाने भरलेल्या नळ्या घेतल्या व स्वतःच्या शरीराला बसणाऱ्या धक्क्यांची तुलना करून जवळजवळ याच निष्कर्षाला ते पोहोचले, असे त्यांच्या टिपणांवरून दिसते. ही टिपणे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८७९ मध्ये प्रसिद्ध केली. तोपर्यंत त्यांचा कोणावर प्रभाव पडणे शक्य नव्हते. गेओर्ग झिमोन ओहम यांनी १८२५ मध्ये दिलेले पहिले सूत्र लॉगरिथमाचे होते व ते टिकले नाही, कारण त्यांच्या घटमालेचा दाब वापरताना उतरत असे. भौतिकीविज्ञ पोगेनडॉर्फ यांच्या सूचनेवरून त्यांनी बिस्मथ व तांबे यांचे तपयुग्म (दोन सांधे वेगळ्या तापमानांवर ठेवल्यास दाब देणारी दोन धातूंची जोडी) घेतले. त्याचा एक सांधा उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवल्याने दाब स्थिर झाला आणि १८२६ मध्ये योग्य सूत्र हाती आले. त्याची सविस्तर मांडणी १८२७ च्या ग्रंथात आहे. ओहम यांची ‘विद्युत्‌दर्शकी शक्ती’ म्हणजेच स्थिरविद्युतातील वर्चस् (विभव, ज्यातील फरक म्हणजे दाब) होय, हे किरखोफ यांनी १८४९ मध्ये दाखविले. त्यामुळे आजच्या रूपातील नियम पूर्णपणे एकट्या ओहम यांचा म्हणणे कठीण आहे. तरी स्थिर दाबाचे साधन वापरून तो प्रथम प्रसिद्ध करण्याचे श्रेय त्यांना देणेच रास्त वाटते. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे ज्यूल (१८४१) व लेन्ट्स (१८४२) यांनी स्वतंत्रपणे दाखविले.

प्रत्यक्ष मापनात दोन्ही मापक एकाच वेळी अचूक ठेवता येत नाहीत. व्होल्टमापक थेट घटकाच्या टोकांना जोडला, तर अँपिअरमापकात व्होल्टमापकाचाही प्रवाह मोजला जातो व रोध कमी भासतो. घटक व अँपिअरमापक या दोहोंच्या मिळून बाहेरच्या टोकांना तो जोडला, तर अँपिअरमापकाचा रोध त्यात मिसळतो व उत्तर जास्त येते. लहान रोधासाठी पहिली व मोठ्यासाठी दुसरी जोडणी घ्यावी. सीमा म्हणजे दोन मापकांच्या रोधांच्या गुणाकाराचे वर्गमूळ : ०.१ ओहम व १०,००० ओहम असल्यास सु. ३२ ओहम. आजच्या अंकीय व्होल्टमापकाचा रोध बहुधा १ कोटी ओहम असतो. मग सीमा १,००० ओहमपर्यंत सरकते. घरगुती उपकरणांचे रोध बहुधा याखालीच येत असल्याने पहिली जोडणी पुरते.

तापमानाकडे दुर्लक्ष करणे नागपुरात विशेष महागात पडते. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सु. ०.३९ टक्क्याने वाढतो. हिवाळ्यातील १२° च्या पहाटे मोजलेले कूलरच्या मोटरीचे वायंडिंग मे महिन्यातील ४५° ला, मोटर चालू करण्यापूर्वीच, सु. १३ टक्के जास्त रोध दाखवते. तापमान न लिहिलेला रोधाचा आकडा म्हणून अपुरा समजावा.

मोटरीच्या बाबतीत आणखी एक भेद आहे. समजा, २३० व्होल्टांवरील कूलर टाँग टेस्टरवर (तारेभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणाऱ्या मापकावर) ०.९ अँपिअर दाखवतो. गुणाकार २०७ येतो, पण ते व्होल्ट-अँपिअर होत. शक्तिगुणक (खरी शक्ती व हा गुणाकार यांचे गुणोत्तर) ०.८५ असेल, तर शक्ती सु. १७६ वॉट. तसेच २५६ ओहम हा भागाकार संरोध (प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा एकूण विरोध) असतो. वायंडिंगचा रोध त्याहून पुष्कळ कमी असून तो बॅटरीच्या एकदिश दाबाने मोजावा लागतो. इस्त्री, गीझर यांत असा भेद जवळजवळ नसतो. २३० व्होल्टांवर २,००० वॉटचा गीझर दाब २०० पर्यंत उतरल्यास सु. १,५१० वॉटच देतो, कारण रोध तोच राहिल्याने शक्ती दाबाच्या वर्गाप्रमाणे घटते.

उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे पारेषणात उपयोगी पडते. नागपूरजवळील कोराडी औष्णिक केंद्रात ६६० मेगॅवॉटचे संच आहेत. तेवढी शक्ती ४०० किलोव्होल्टांवर त्रिकला (थ्री-फेज) पद्धतीने पाठवायची, तर शक्तिगुणक १ धरून प्रत्येक तारेत सु. ९५० अँपिअर वाहतील. दाब निम्मा केला, तर प्रवाह दुप्पट आणि त्याच तारांतील उष्णता चौपट होईल.