जुन्या घरगुती संगणकांतील चित्रदोष : निदान व दुरुस्ती

पडद्यावर चित्र न येणे, ते विस्कटणे, थरथरणे किंवा त्यातील रंग जाणे या लक्षणांवरून संगणकातील बिघाडाचे मूळ शोधण्याची व तो दूर करण्याची कार्यपद्धती. येथे प्रामुख्याने १९८० च्या दशकातील, टीव्ही संचाला जोडून वापरावयाच्या आठ-बिट संगणकांचा विचार केला आहे. भारतात १९८४-८५ पासून ‘क्लास’ या संगणक-साक्षरता प्रकल्पाद्वारे बीबीसी मायक्रो शाळांत पोहोचला, तर दशकाच्या उत्तरार्धात डेसिबेल्स कंपनीने परवान्याने बनवलेला ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ बाजारात होता.

या वर्गातील बहुतेक यंत्रांत पडद्यासाठी वेगळी मेमरी नसते. मुख्य मेमरीचाच एक भाग सतत वाचून चित्र तयार होते, आणि म्हणून पडदा हा मेमरीच्या प्रकृतीचा उघडा पुरावा ठरतो. झेडएक्स स्पेक्ट्रममध्ये (१९८२) १६३८४ या पत्त्यापासून ६,१४४ बाइट ठिपक्यांसाठी आणि त्यापुढील ७६८ बाइट रंगांसाठी असतात. खालची १६ केबी मेमरी ४११६ जातीच्या आठ आयसींची (चिपची) असून प्रत्येक आयसी बाइटमधील एकेक बिट सांभाळते. त्यामुळे एकच आयसी गेली, तर दर आठव्या ठिपक्यावर उभी रेघ दिसते. सर्वांत वरचा बिट सांभाळणारी आयसी सतत ‘एक’ दाखवू लागली, तर त्याच बिटावर लुकलुकण्याची खूण असल्याने सगळा पडदा लुकलुकतो. अनुभवी दुरुस्तकार आयसी उपसण्याआधी अशा रेघा मोजतो.

स्पेक्ट्रममध्ये प्रथम संशय कोणावर घ्यावा, याबाबत मतभेद आहेत. एका मताप्रमाणे विस्कटलेले चित्र म्हणजे मेमरीचा दोष, आणि आठही आयसी बदलणे सोयीचे. दुसऱ्या मताप्रमाणे मेमरी हा परिणाम असून कारण सप्लायमध्ये असते. ४११६ ला +५, +१२ आणि −५ असे तीन व्होल्टेज लागतात. त्यांपैकी +५ व्होल्ट ७८०५ रेग्युलेटर देतो, तर उरलेले दोन टीआर४ व टीआर५ हे ट्रान्झिस्टर आणि एक छोटी कॉइल यांच्या मंडलातून मिळतात. −५ व्होल्ट सर्वांत आधी यावे आणि सर्वांत शेवटी जावे, अशी या आयसीची अट आहे. ते नाहीसे होऊन +१२ तसेच राहिले, तर आयसी तापून निकामी होते. चालू यंत्राला मागून जोडलेले उपकरण ओढून काढल्यास टीआर४ जळतो आणि त्यापाठोपाठ मेमरी जाते, ही साखळी वारंवार आढळते. हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते : सप्लाय दुरुस्त न करता बसवलेल्या नव्या आयसी त्याच वाटेने जातात. मल्टीमीटरने ४११६ च्या पिन १ वर −५, पिन ८ वर +१२ आणि पिन ९ वर +५ मिळतात का, हे आधी पाहावे. ग्राउंड पिन १६ वर असते, हे न ठाऊक असलेल्यांची मोजणी हमखास चुकते.

चालू करतानाचे दृश्यही बोलके असते. रॉममधील प्रोग्राम मेमरी तपासताना प्रत्येक बाइटमध्ये २ हा आकडा लिहितो, त्यामुळे काळ्या पडद्यावर क्षणभर बारीक लाल उभ्या रेघा येतात. तेवढ्या जरी दिसल्या, तरी प्रोसेसर व रॉम यांनी काम सुरू केले आहे असे समजावे. एका आयसीवर चांगली आयसी ठेवून पाहण्याची युक्ती मूळ आयसी ‘ओपन’ (आतून तुटलेली) असेल तरच उपयोगी पडते. ‘शॉर्ट’ (आतल्या आत जोडली गेलेली) असेल तर नाही.

कमोडोर ६४ मध्ये पडदा पूर्ण काळा राहिल्यास पीएलए आयसीकडे (कोणत्या पत्त्यावर कोणती मेमरी जोडायची हे ठरवणाऱ्या) आणि बाह्य सप्लायच्या +५ व्होल्टकडे पाहतात. तो सप्लाय बिघडताना व्होल्टेज वाढते, म्हणून तो मोजल्याशिवाय यंत्राला जोडू नये. बीबीसी मायक्रोत फक्त मोड ७ (टेलिटेक्स्ट पद्धतीने अक्षरे दाखवणारा पडद्याचा प्रकार) बिघडला असेल, तर टेलिटेक्स्टची एसएए५०५० ही आयसी तपासतात.

संगणक निर्दोष असूनही चित्र न येण्याचे कारण टीव्हीत असू शकते. स्पेक्ट्रमचा मॉड्युलेटर, म्हणजे चित्र टीव्हीच्या वाहिनीवर चढवणारा भाग, यूएचएफ वाहिनी ३६ वर संकेत देतो. पुण्याला सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रातून मिळणारे दूरदर्शन त्या काळी व्हीएचएफ पट्ट्यात असल्याने अनेक जुन्या संचांत यूएचएफ ट्यूनरच नसे. ब्रिटनची पाल-आय आणि भारताची पाल-बी या टीव्ही प्रक्षेपणाच्या पद्धतींत चित्रवाहकापासून ध्वनिवाहकाचे अंतर अनुक्रमे ६ व ५.५ मेगाहर्ट्झ आहे. स्पेक्ट्रमच्या संकेतात ध्वनी नसल्याने त्याला याची झळ लागत नाही, मात्र ब्रिटिश कमोडोर भारतीय संचावर मुका राहतो. यावर उपाय म्हणून मॉड्युलेटर वगळून कॉम्पोझिट (वाहिनीवर न चढवलेला, थेट चित्राचा) संकेत बाहेर काढतात. त्यात १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घालावा की सरळ वायर जोडावी, याविषयी दुमत आहे; कपॅसिटर घालणे सुरक्षित. मॉड्युलेटरचा डबा मात्र कापू नये, मूळ स्थिती परत आणता आली पाहिजे.

पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत ७८०५, कपॅसिटर, आयसी सॉकेट यांसारखे सुटे भाग मिळतात. बुधवारी व रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात जुने टीव्ही संच हाती लागू शकतात. मात्र पिक्चर ट्यूबच्या ॲनोडवर, रंगीत संचात तर २० किलोव्होल्टहून अधिक, विद्युतभार संच बंद केल्यावरही टिकतो. तो ग्राउंडला उतरवल्याशिवाय आत हात घालू नये. पावसाळ्यातील दमट हवेने सॉकेटचे पाय काळवंडतात, आणि ड्राय सोल्डरही (नीट न धरलेला डाग) अनेकदा त्याच सुमारास डोके वर काढते. अशा वेळी आयसी हलकेच उचलून, पाय स्वच्छ करून पुन्हा बसवल्यावर चित्र परत येते का, हे भाग बदलण्यापूर्वी पाहावे.