पत्ता एक, भाडेकरू दोन: लंगवर्म आणि हार्टवर्म

इंग्लंडमध्ये कुत्रा पाळला की व्हेटकडच्या पहिल्या एक-दोन फेऱ्यांतच ‘लंगवर्म’ (फुप्फुसाचा जंत) हा शब्द कानावर पडतो. तो पुण्याच्या किंवा न्यू जर्सीच्या नातेवाइकांना फोनवर सांगितला की उत्तर बहुधा ठरलेलं असतं: “म्हणजे हार्टवर्म, हृदयातला जंत ना? डासांमुळे होतं ते.” ते नव्हे. पण गोंधळ होतो यात त्यांची चूक नाही. जंतांना नावं देणाऱ्यांनीच घोळ घालून ठेवलाय.

लंगवर्म, म्हणजे अँजिओस्ट्राँगायलस व्हॅसोरम, पूर्ण वाढ झाल्यावर फुप्फुसाच्या पोकळीत राहतच नाही. तो राहतो हृदयाच्या उजव्या बाजूला आणि तिथून फुप्फुसाकडे रक्त नेणाऱ्या धमनीत. हार्टवर्म, म्हणजे डायरोफिलारिया इमिटिस, त्याचाही मुक्काम तिथेच. लंगवर्म पहिल्यांदा फ्रान्समधल्या तुलूझला, १८५३ मध्ये, एका कुत्र्यात सापडला, म्हणून त्याला ‘फ्रेंच हार्टवर्म’ असंही म्हणतात. माझ्या मते तेच नाव जास्त खरं आहे.

समोर ठेवले तर मात्र दोघांत गल्लत व्हायची नाही. लंगवर्म जेमतेम दोन सेंटीमीटरचा. मादीच्या अंगात लाल आतडं आणि पांढरं बीजाशय एकमेकांभोवती पिळलेलं असल्याने ती लाल-पांढऱ्या दोऱ्यासारखी दिसते. हार्टवर्मची मादी २५ ते ३० सेंटीमीटर, शिजवलेल्या शेवईसारखी.

खरा फरक आहे तो येण्याच्या वाटेत. हार्टवर्म डासाच्या सोंडेतून येतो. डासाच्या शरीरात त्याची अळी वाढायला ऊब लागते; साधारण १४ अंशांखाली ती वाढ थांबते. म्हणूनच ब्रिटनमध्ये हार्टवर्म दिसतो तो प्रामुख्याने भूमध्य समुद्राकडून किंवा रोमानियातून आणलेल्या कुत्र्यांत. अमेरिकेत तो सर्रास आहे, आणि भारतात आसाम-मिझोरामकडे त्याची चांगलीच नोंद आहे. लंगवर्म येतो गोगलगायीतून, शंखवाल्या आणि बिनशंखाच्या दोन्ही. आपल्याकडे ‘गोगलगाय, पोटात पाय’ म्हणतात. इथे तिच्या पोटात अळ्या. कुत्रा मुद्दाम गोगलगाय खातोच असं नाही. गवत चघळताना, रात्रभर अंगणात पडलेलं खेळणं तोंडात धरताना एखादी बारीकशी पोटात जाते. बेडूक खाल्ल्यानेही लागण होते. आणि लंगवर्म परिसरात टिकवून ठेवतात कोल्हे. ब्रिटनमधल्या कोल्ह्यांच्या पाहणीत लंगवर्म असलेल्या कोल्ह्यांचं प्रमाण आठ-नऊ वर्षांत सुमारे ७ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेलं. लंडनच्या उपनगरात रात्री कचऱ्याच्या डब्यापाशी कोल्हा दिसणं ही रोजची गोष्ट आहे, हे लक्षात घेतलं की त्या आकड्याचा अर्थ कळतो.

लक्षणांत दोघे पुन्हा एकमेकांजवळ येतात: खोकला, धाप, फिरायला नेल्यावर अर्ध्या वाटेत बसकण. केनल कफची, म्हणजे कुत्र्यांतल्या संसर्गजन्य खोकल्याची, साथ असेल तर तोही संशय असतोच. पण लंगवर्मची एक खूण वेगळी आहे, ती म्हणजे रक्त. त्याच्यामुळे रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. नख कापताना झालेली बारीकशी जखम तासन्‌तास वाहते, घोळणा फुटतो, हिरड्यांतून रक्त येतं, डोळ्याच्या पांढऱ्या भागात लाल डाग उतरतो. कधी रक्तस्राव मेंदूत होतो आणि झटके येतात. काही कुत्र्यांना तर खोकला नसतोच. म्हणून ‘खोकत नाही, म्हणजे लंगवर्म नाही’ हा हिशोब धरू नये. हार्टवर्म त्यामानाने संथ. चावा झाल्यापासून जंत प्रौढ व्हायला सहा-सात महिने, आणि मग तो पाच ते सात वर्षं जगतो. हृदयावर ताण हळूहळू वाढत जातो.

तपासण्याही वेगळ्या. लंगवर्मच्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या फुप्फुसातून खोकल्याबरोबर घशात येतात, गिळल्या जातात आणि शीतून बाहेर पडतात. म्हणून तीन दिवसांची ताजी शी गोळा करून न्यायची. (डबा फ्रीजमध्ये ठेवायचा का, यावर घरात वाद होतो.) रक्ताची झटपट चाचणीही आहे. हार्टवर्मच्या पिल्लांचा शोध रक्तातच घ्यायचा. शीमध्ये ती सापडणार नाहीत.

उपचारांत तर जमीन-अस्मानाचं अंतर. लंगवर्मला मोक्सिडेक्टिनचे थेंब मानेवर, किंवा मिल्बेमायसिनच्या गोळ्या आठवड्याला एक अशा चार, किंवा रोजचं फेनबेंडाझोल काही दिवस. धाप जास्त असेल तर ऑक्सिजन, स्टेरॉइड. रक्तस्राव थांबत नसेल तर प्लाझ्मा. हार्टवर्म मारायला मेलार्सोमिन, तेही आर्सेनिकयुक्त औषध, कमरेच्या स्नायूत खोल टोचतात. आधी महिनाभर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक, मग एक इंजेक्शन, महिन्याने लागोपाठ दोन. त्या काळात कुत्र्याला धावू द्यायचं नाही, कारण मेलेल्या लांबलचक जंतांचे तुकडे फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत अडकतात.

प्रतिबंध मात्र सोपा, महिन्यातून एकदा. मोक्सिडेक्टिन आणि मिल्बेमायसिन दोघांवरही चालतात. हार्टवर्मसाठी अमेरिकेतून आणलेली आयव्हरमेक्टिनची गोळी लंगवर्मला मात्र पुरत नाही. अंगणातली खेळणी आणि पाण्याचं भांडं रात्री आत घ्यायचं, शी लगेच उचलायची. अळी गोगलगायीपर्यंत पोहोचते ती शीतूनच. आणि पेट शॉपमधली साधी जंतांची गोळी दोन्हींवर भरवशाची नाही. मोक्सिडेक्टिन आणि मिल्बेमायसिन ब्रिटनमध्ये व्हेटच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, त्यामुळे पाकीट शेल्फवरून उचललेलं असेल तर त्यात ती नसणार.